पायाळूचा पाय आणि माझी मान

माझं डोकं दुखतं. हे वाक्य मी गेल्या पाच वर्षांत इतक्या लोकांपुढे म्हटलंय की आता मलाच त्याचा कंटाळा आलाय. लोक ऐकतात आणि लगेच स्वतःच्या डोक्याविषयी बोलायला लागतात. "माझं पण दुखतं हो, विशेषतः उन्हात." दुखत असेल. तुमचं चहा घेतला की थांबतं, झोप काढली की थांबतं, नवरा गावाला गेला की थांबतं. माझं थांबत नाही.

कुठे दुखतं ते नीट सांगते, कारण ते नीट ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नसतो. कवटी जिथे संपते आणि मान सुरू होते, अंबाडा घातला की जिथे टेकतो, तिथे उजव्या बाजूला ते सुरू होतं. सकाळी नुसती ओढ असते. मी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. शाळेच्या शर्टांचे ढीग पुढ्यात येतात. कॉलरचं टोक नीट आलंय का, टीप सुटलीय का, ते खाली मान घालून बघायचं. बी.ए. मराठी केलं आणि कॉलरी तपासते, हे माझ्या माहेरी वैरागला अजून कुणाला पटलेलं नाही, पण ते असो. दुपारच्या डब्यापर्यंत ती ओढ कानामागून वर चढते आणि उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन बसते. मग त्या डोळ्यानं शिलाई दिसते, पण बघवत नाही. कुणी मागून हाक मारली तर मला मान वळवता येत नाही, मी अख्खी वळते. त्यावर कारखान्यात हसतात. सुरुवातीला मीही हसायचे, आता हसत नाही.

आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवसाचं तर विचारूच नका. चार-पाच दिवसांनी एकदा येणार, कधी येणार त्याचा पत्ता नाही. आलं की घरात लग्नघरासारखी धावपळ. कळशा, बादल्या, पिंप, स्वयंपाकघरातली पातेली, जे जे भांडं तोंड वर करून उभं राहील ते भरायचं. भरलेली बादली उचलली की मानेतून कुणीतरी दोरी खेचल्यासारखं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी अंधार करून पडते, आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज येतो, "पाणी आलं की हिचं डोकं येतंय." सासूबाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं; मीही त्यांना कानडीत अत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणते. टोमणा मात्र मला नीट कळावा म्हणून त्या मराठीतच मारतात.

हे सगळं कशानं झालं ते मला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. ते मी पाच वर्षं नवरा सोडून कुणाला सांगितलं नाही. का नाही, ते सांगण्यासाठी आधी माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं.

ती पायांकडून जन्मली. दवाखान्यात माझी अवस्था इतकी वाईट होती की माझ्या आईनं देवापुढे काय काय कबूल केलं ते तिला अजून फेडता आलेलं नाही. सासूबाई मुलगी झाली म्हणून जरा गप्प होत्या. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की पोर पायाळू आहे, आणि त्यांचा चेहरा उजळला. पायाळू म्हणजे गल्लीची सोय. पाठीत उसण भरली, मान लचकली, कंबर धरली, की पायाळू माणसानं दुखऱ्या जागी पाय लावायचा आणि लचक निघून जायची, असं आमच्याकडे मानतात. पोरगी चालायला लागली तशी सासूबाई तिला आलेल्या माणसाच्या पाठीवर दोन पावलं चालवायच्या. गंमत होती ती. मलाही गंमतच वाटायची. आभाळ गडगडलं की मात्र तिला ओढून घरात कोंडायचं, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. एकाच पोरीच्या पायात औषधही आणि अंगावर वीजही, असा हा हिशेब.

पाय लावून झाला की ती वाकून त्या माणसाला नमस्कार करायची. मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा हे तिला मीच शिकवलं होतं. त्यामुळे ती आधी पाय द्यायची, मग पाया पडायची, आणि आलेली माणसं त्यावर जाम खूश व्हायची.

ती चौथीत होती तेव्हाची गोष्ट. संक्रांतीच्या आधी मी माळ्यावरून कडक भाकऱ्यांचा डबा काढत होते. स्टुलावर चढून, मान मागे टाकून, हात लांबवून. डबा हाताशी आला आणि मान लचकली. लचकली म्हणजे लचकली, दोन दिवसांत बरी झाली असती. अशा कितीतरी लचकी मी शेकून घालवल्यात. पण घरातच पायाळू असताना सून वाकड्या मानेनं फिरते हे सासूबाईंना कसं चालणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उंबऱ्यापाशी सतरंजीवर पालथं झोपवलं. माझं डोकं एका अंगाला वळवलं आणि त्यावर तळहात दाबून धरला, मी हलू नये म्हणून. "हलू नगंस," म्हणाल्या.

पोरगी आली. तिनं पाय हळूच टेकवला. दुसऱ्यांदा टेकवला. मला तिच्या पावलाचा गारवा आठवतो, नुकतीच आंघोळ करून आली होती.

"अगं रेटून दे की," सासूबाई म्हणाल्या. "मुंगीला चिरडायलीस व्हय? लचक लई आत बसलीय. टाचंनं दे."

आणि तिनं दिला. आजीनं सांगितलं म्हणून दिला, सगळा जोर लावून, नऊ वर्षांच्या पोरीला जेवढा येतो तेवढा. माझं डोकं वरून दाबलेलं आणि मान खालून रेटलेली. मानेत कट् असा आवाज झाला. तो मला कानानं नाही, दातांत ऐकू आला.

"निघाली बघ!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "ऐकलास का आवाज? निघाली लचक!"

डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पोरीनं वाकून मला नमस्कार केला आणि विचारलं, "आई, दुखलं का?"

"नाही गं," मी म्हटलं. आई दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी डोकं पहिल्यांदा दुखलं. तेव्हापासून ते माझ्या घरातलं सगळ्यात नियमित माणूस आहे.

महिनाभरानं नवऱ्याला सांगितलं. तो टॉवेलच्या कारखान्यात देखरेखीला असतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला घरी कुणाचं ऐकायची सवय राहिलेली नाही. पण त्या दिवशी त्यानं ऐकलं. ऐकून म्हणाला, "आईला सांगू नको. तिला वाईट वाटंल." मी म्हटलं, मला वाईट वाटतंय त्याचं काय? तर म्हणाला, "आणि पोरीला तर अजिबात नको."

आईसाठी बोलला तेव्हा मी त्याला हाणलं असतं. पोरीसाठी बोलला तेव्हा मात्र तेवढ्यापुरता तो बरोबर होता. आपल्या पायानं आईची मान मोडली हे ओझं नऊ वर्षांच्या जीवानं कुठं ठेवायचं? ते तिला कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट मी धरून बसले. डोकं दुखायचं तर दुखू दे. तिचं दुखायला नको.

त्यानंतर दवाखाने सुरू झाले. पहिल्यांदा डोळ्यांचे डॉक्टर. चष्म्याचा नंबर बदलला. मग पित्त, सकाळी उपाशीपोटी गोळी. मग सर्दी नाकात साठली असं निघालं, आणि मी सोलापूरच्या एप्रिलमध्ये, जिथे पंख्याचाही वारा भाजतो तिथे, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेत बसले. मग टेन्शन. टेन्शन हा शब्द एका डॉक्टरनं इतक्या प्रेमानं उच्चारला की मला वाटलं तो आता ते काढून हातात देईल. "घरी काही त्रास?" त्यानं विचारलं. नवरा शेजारीच बसला होता. मी काय सांगणार होते, हा बसलाय तोच त्रास?

एका डॉक्टरनं मात्र विचारलं, "मानेला कधी काही मार लागला होता का?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "न्हाय, कायच न्हाय." पोरगी माझ्या पलीकडच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. मी म्हटलं, नाही.

मग मेंदूचा एमआरआय झाला. त्या नळकांड्यात मला मान न हलवता पडून राहायला सांगितलं. सासूबाईंचा तळहात आठवला. रिपोर्ट आला: नॉर्मल. या एका शब्दानं माझं जेवढं वाटोळं केलंय तेवढं त्या टाचेनंही केलं नसेल. दुखणं रिपोर्टात नाही म्हणजे ते नाहीच. "मेंदूत काही नाही," असं नवऱ्यानं केम गावी दिलेल्या माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं, आणि ती तिकडून खो खो हसली, ते मला इकडं ऐकू आलं. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, तुमचं डोकं बरं का आता? का अजून सुटी घेतंय?" हातात करंजी नसती तर मी काहीतरी बोलून बसले असते.

मला या माणसांचा राग येतो. तो येऊन जातो असंही नाही, राहतो. दुखणाऱ्या माणसानं सोशिक असावं, त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता यावी, असं लोकांना वाटतं. माझ्या चेहऱ्यावर कसली शांतता? माझ्या भुवया कायमच्या जवळ आल्यात. कारखान्यातल्या मुली मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे. एकदा एका शर्टाची कॉलर उलटी लागलेली सापडली, तर मी तो शर्ट असा भिरकावला की तो पंख्यावर जाऊन अडकला. सगळा विभाग थांबून वर बघत होता. मला तर वर बघताही येत नव्हतं.

घरी तर रोजची परीक्षा. कारण पायाळूकडे येणारी माणसं काही थांबली नव्हती. सकाळी मी भाकरी थापत असायची आणि बाहेर कुणीतरी कण्हत येऊन बसायचं. सासूबाई खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि पोरीला कानडीत 'ये' म्हणून हाक मारायच्या, "बा गं, बा, पाय दे." वर माझं उदाहरण! "ह्या माझ्या सुनंची मान अशी वाकडी झालती. हिनं पाय दिला, कट् करून आवाज आला, तितंच बरी झाली." मी आत पिठात हात घालून हे ऐकायची. बाहेर जाऊन त्या माणसाला सांगावं, पळा इथून, असं इतक्या वेळा ओठांवर यायचं. पण सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि पाय द्यायला पोरगी तिथंच उभी असायची.

मी दुसऱ्या वाटांनी अडवायची. तिची परीक्षा आहे. तिला बरं नाही. तिला शिकवणीला जायचंय. सासूबाई म्हणायच्या, "पुण्याचं काम हाय. एक मिंटाचं तर काम हाय." मी म्हणायची, मान सोडून द्या, कंबरेला लावू दे फक्त, आणि हळू. "तुला काय कळतंय," त्या म्हणायच्या, आणि मग कानडीत आणखी काहीतरी, ते मला आता कळतं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पोरगी सातवीत गेली आणि मोजे घालायला लागली. शाळेतून आली तरी मोजे काढायची नाही. घरात मोजे, जेवताना मोजे, झोपताना मोजे. सोलापूरचा मे महिना. माणसं अंगातली कातडी काढून ठेवता आली तर बरं म्हणतात, आणि ही मोजे घालून फरशीवर फिरतेय. मी ओरडले, वास येतो म्हणून चिडवलं, नवऱ्यानं लपवून ठेवले. तिनं नवे आणले, खाऊच्या पैशातून. सकाळी कुणी पाय लावून घ्यायला आलं की म्हणायची, "आज्जी, पायाला खाज आलीय, डॉक्टरांनी मोजे काढू नको म्हटलंय." असं कुठल्या डॉक्टरनं म्हटलं नव्हतं. सासूबाई कुरकुरायच्या, पण खरूज-गजकर्णाच्या भीतीनं आलेला माणूसच उठून जायचा. मला वाटलं वयात येतेय, आता लोकांपुढे पाय काढायची लाज वाटत असेल. बरंच झालं म्हटलं, आपोआप सुटलं.

एवढंच नाही. लहानपणापासून ती अभ्यासाला बसली की पाय माझ्या मांडीवर टाकायची. तेही बंद झालं होतं. मी स्कूटर चालवायला लागले की मागं बसून, न सांगता, मला मागचं सांगायची. "ट्रक येतोय. थांब. आता जा." मला मान वळवता येत नाही हे तिनं कधी हेरलं, मी विचारलंच नाही. तिची मदत होते म्हणून मी खूश होते.

गेल्या पावसाळ्यानंतर दुखणं इतकं वाढलं की मी कारखान्यातून अर्ध्या दिवसात परतायला लागले. मालक म्हणाले, बाई, बघा, नाहीतर दुसरं कुणी बसवतो. मग एक मैत्रीण म्हणाली, डोक्याचं सोड, मणक्याच्या डॉक्टरकडे जा. नवऱ्याला सुटी नव्हती. पोरगी नववीत; म्हणाली, मी येते.

डॉक्टर तरुण होते, कपाळावर आठ्या, घाईत. त्यांनी माझी फाईल बाजूला सारली. एमआरआयसुद्धा नुसता उघडून मिटला. मला खाली मान घालून बसवलं आणि कवटीच्या खाली, अंबाड्याच्या जागी, अंगठा दाबला. दाबला तो मानेत आणि कळ गेली थेट डोळ्याच्या मागे, रोज जाते त्याच वाटेनं. मी किंचाळले.

"हेच का ते?" त्यांनी विचारलं.

हेच ते! पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं हातानं शोधलं होतं. मी रडले. बरं वाटलं म्हणून नाही, रागानं रडले. एवढंच करायचं होतं? एक अंगठा दाबायचा होता? एवढ्यासाठी वाफारे, एवढ्यासाठी गोळ्या, एवढ्यासाठी नणंदेचं हसणं?

"डोक्यात काही नाही तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "मानेच्या अगदी वरच्या सांध्यांपाशी आहे. तिथली कळ डोक्यात जाते. जुनी इजा असल्यासारखं वाटतंय. मार लागला होता का कधी?"

"नाही," मी म्हटलं. सवयीनं, लगेच.

"ॲक्सिडेंट? पडलात? कुणी मान मोडून दिली, न्हाव्यानं वगैरे?"

"नाही."

"लागला होता," मागून पोरगी म्हणाली. "मी पाय दिला होता. जोरात. मी चौथीत होते."

मला तिच्याकडे वळून बघता येईना. मान वळत नव्हती. अख्खं स्टूल फिरवावं लागलं, आणि ते फिरेपर्यंत तिनं मान खाली घातली होती.

डॉक्टर हसले. वाईट मनानं नाही, चकित होऊन हसले असतील. "म्हणजे हिनं लाथ मारली तुम्हाला?"

"हसू नका," मी म्हटलं. आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "लाथ नाही मारली. तिला धरून उभं केलं होतं. रेटून दे म्हणून सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं होतं. तुम्ही लिहा काय लिहायचं ते, पण तिच्याकडं बघून हसू नका."

त्यांनी हसू आवरलं. म्हणाले, नक्की त्यानंच झालं असं कुणीच सांगू शकणार नाही; लचक आधीची, जोर नंतरचा. व्यायाम आहेत, शेक आहे, मान खाली घालून बसायचं काम कमी करा. कमी होईल. पूर्ण जाईल असं म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

खाली येऊन स्कूटरपाशी उभ्या राहिलो. मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"माझ्या टाचेला कळलं होतं, आई. तेव्हाच. आवाज झाला ना, तो टाचेत लागला होता. मी विचारलं दुखलं का, तू नाही म्हणालीस. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पप्पा नाही म्हणाले, तू पण नाही म्हणालीस. मला वाटलं सांगायचं नसतं."

पाच वर्षं. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. एका घरात, एका ताटात जेवून. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही. ती बरं म्हणाली. बरं म्हणजे पटलं नाही, हे आईला कळतं. रस्ताभर ती मागचं सांगत होती, "रिक्षा आहे. थांब. आता जा."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता जाऊ दे की. तिला कळलं तर कळलं. आईला कशाला उगीच?" मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तर आमचा संसार तिथंच आटोपला असता.

रविवारी सकाळी वेळापूरहून सासूबाईंचे कुणी पाहुणे आले. एसटीत झोपून मान धरली होती, खांद्याला कान लावूनच दारात उभे राहिले. सासूबाईंचा उत्साह काय सांगू. सतरंजी उंबऱ्यापाशी पसरली. पाहुणा पालथा झाला. त्यांनी त्याचं डोकं वळवलं, त्यावर तळहात ठेवला आणि हाक दिली, "बा गं, बा! आज मोजं-बिजं काय सांगू नगंस. घरचा माणूस हाय. येऊन रेटून दे."

पोरगी आतल्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि ती मोजे काढायला वाकली. खरंच वाकली. आजीचा शब्द मोडायचा कसा, हे तिला अजून येत नव्हतं.

मी भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आले. "उठा पाहुणे," मी म्हटलं.

"अगं काय ह्ये?" सासूबाई.

"उठा म्हटलं ना. ही मान आहे, लाकूड नाही." तो बिचारा वाकड्या मानेनं उठून बसला. शेजारची दोन माणसं दारात थांबली होती. थांबू देत म्हटलं, आज सगळ्यांनी ऐकू देत. "अत्ती, माझं डोकं का दुखतं माहीत आहे तुम्हाला? याच उंबऱ्यापाशी माझी मान गेली. तो कट् आवाज लचक निघाल्याचा नव्हता. माझी मान मोडल्याचा होता. आणि तुम्ही टाळी वाजवलीत."

"यव्वा! म्हंजे माझ्या नातीनं..."

"तिचं नाव काढायचं नाही." मी ओरडलेच. कानामागून कळ वर चढली, चढू दे. "पाय तिचा होता. डोकं दाबून धरणारा हात तुमचा होता. रेटून दे, हे तुमचं होतं. टाचेनं दे, हेही तुमचं. नऊ वर्षांची होती ती! तुम्ही सांगितलं तेवढंच तिनं केलं. आजपासून या घरात कुणाच्या अंगाला तिचा पाय लागणार नाही. ज्याला लचक काढायची असेल त्यानं दवाखान्यात जावं."

 सासूबाईंनी सतरंजी गोळा केली आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. सुनेला जीभ फुटली, असं होतं ते. चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजवर म्हणाल्या नाहीत, म्हणणार नाहीत. नवरा पाहुण्यांना चहा द्यायला आत पळाला. पाहुणे चहा न घेता गेले, आणि आमच्या घरी आता माणसाला मान राहिला नाही अशी बातमी वेळापुरात पोचली असणार.

दुपारी डोकं फुटायला आलं होतं. व्यायाम करून काय दिवे लागणार होते, सकाळी एवढं ओरडल्यावर. मी आतल्या खोलीत पडदे ओढून भिंतीला टेकून बसले. पोरगी पुस्तक घेऊन आली. 

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"दुखतंय," मी म्हटलं. पाच वर्षांपूर्वी उंबऱ्यापाशी पडून हे म्हणायचं होतं, ते आज म्हटलं.

तिनं मोजे काढले. एक काढला, मग दुसरा, आणि पूर्वीसारखे दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले. मी हात फिरवला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन खपल्या धरलेल्या, टाचा भिजल्यासारख्या पांढऱ्या, घोट्याभोवती इलॅस्टिकचा लाल वळ. दोन उन्हाळे तिनं हे असं पायांवर काढलं होतं आणि आम्ही वास येतो म्हणून हसलो होतो. माझ्या अंगाची पुन्हा आग आग झाली. मी खोबरेल तेल मागवलं आणि तिच्या टाचांना चोळत बसले.